कूस बदललेला डोंगर

"गळ मी घेतलेत, पाव डर्व्हलाने घेतलाय. फिआक्रा, तू फक्त तोंड बंद ठेव. तुझ्या बडबडीने मासे पार स्पेनपर्यंत पळतात!" कोल्मनने हुकूम सोडला.

"मासे तुझ्या मोज्यांच्या वासाने पळतात!" फिआक्राने लगेच परतफेड केली.

"दोघंही गप्प बसा आणि निघा! भरती ओसरायला लागली," डर्व्हला दारातून ओरडली.

डर्व्हला टार्पी बारा वर्षांची आणि फिआक्रा तिचा धाकटा भाऊ. कोल्मन त्यांचा आतेभाऊ. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत तो डब्लिनहून बॅलिनागारला येई, तो एका पेटीत आपली 'प्रयोगशाळा' घेऊनच. भिंगं, चुंबक, रंगीत पाणी, वास मारणाऱ्या बाटल्या असं काय काय त्या पेटीत असायचं! आजचा बेत धक्क्यावर बसून बांगडे पकडायचा होता. तिघं फाटकापर्यंत पोचली, तेवढ्यात समोरून आजोबा येताना दिसले.

सकाळी आजोबा किती खुशीत निघाले होते! लग्नाकार्याचा काळा कोट आणि चकचकीत बूट घालून. चर्चच्या हॉलमध्ये 'जुनं बॅलिनागार' हे जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं काम चाललं होतं. पुढच्या रविवारी त्याचं उद्घाटन होतं आणि एका फोटोत आजोबांचे आजोबा, मायकेल टार्पी, आहेत असं कुणीतरी सांगितलं होतं. घरात मायकेलचा एकही फोटो नव्हता. "त्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रेला जायचो रे! पण आता डोळे मिटले तरी चेहरा आठवत नाही," असं आजोबा नेहमी म्हणत.

आता मात्र ते मान खाली घालून येत होते. टोपी हातात चुरगाळलेली.

"पाहिलं का, आजोबा? कसे दिसतात?" फिआक्राने उडी मारून विचारलं.

"पाहिलं," आजोबा म्हणाले. "तुम्ही हॉलकडे जाऊ नका."

एवढंच बोलून ते आत गेले आणि विस्तवाजवळच्या खुर्चीत पाठ करून बसले. बाहेर लख्ख ऊन असताना!

जाऊ नका म्हटल्यावर तिघं कुठे गेली असतील, हे सांगायलाच नको. बांगडे सुटले, गळ फाटकाला लटकले आणि तिघं थेट हॉलमध्ये धडकली.

तो फोटो दारासमोरच होता, चांगला टेबलाएवढा मोठा केलेला. दगडी भिंतींचं, गवताच्या छपराचं एक छोटं घर. जमीनदाराच्या माणसांनी कुळाला घराबाहेर काढलं त्या दिवसाचा तो फोटो होता. बंदूकधारी पोलीस रांगेत उभे. डावीकडे दार फोडण्यासाठी आणलेला जाडजूड ओंडका आणि त्यावर पंजा ठेवून उभा असलेला एक दाढीवाला माणूस. उजवीकडे एक तरुण पाठीवर एका म्हातारीला घेऊन बाहेर चाललेला.

खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: 'गॅव्हिगन कुटुंबाचं घर पाडताना, १८८८. डावीकडे, ओंडक्यावर हात ठेवलेला, जमीनदाराचा माणूस मायकेल टार्पी.'

डर्व्हलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बॅलिनागारमध्ये लोक दारुड्याला माफ करतात, भुरट्या चोरालाही करतात. पण शेजाऱ्याचं दार फोडायला ओंडक्याला हात लावणाऱ्याला? त्याच्या नातवंडांनाही नाही!

"हे खोटं आहे!" ती ओरडली.

शिडीखाली उभे राहून माणसांना हुकूम देणारे गृहस्थ वळले. हे रेडमंड क्रॉटी. गावातल्या एकुलत्या एक हॉटेलचे मालक आणि प्रदर्शन मंडळाचे अध्यक्ष. पोट एवढं पुढे की आधी पोट खोलीत येई आणि मागून अध्यक्ष.

"काय गं पोरी, ओरडायला काय झालं?"

"आमचे खापरपणजोबा असे नव्हते! तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"कुणी कशाला सांगायला हवं? त्या काळी फोटो काचेवर काढायचे; तसल्या काचांच्या ढिगात याची काच माझ्याच हॉटेलच्या माळ्यावर सापडली. वेष्टनावर फोटोग्राफरच्या हातचं लिहिलंय, 'डावीकडे मायकेल टार्पी.' डावं कुठलं ते शाळेत शिकवतात ना अजून?"

शिडीवरचा माणूस खो खो हसला.

"पण आजोबा म्हणतात, त्यांच्या आजोबांनी जमीनदाराच्या माणसाला कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही!" फिआक्रा म्हणाला.

"आजोबांचे आजोबा काय, दुसरं सांगणार होते थोडेच?" क्रॉटी म्हणाले. "इतिहास म्हणजे इतिहास. कुणाला वाईट वाटतं म्हणून तो बदलता येत नाही. चला, बाहेर व्हा!"

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. डर्व्हला दूध आणायला डुगनबाईंच्या दुकानात गेली, तर बोलणारी माणसं एकदम गप्प झाली. दुकानाबाहेर दोन पोरं सायकलवरून ओरडत गेली, "ओंडकेवाले टार्पी! दारं सांभाळा रे!" फिआक्रा दगड घेऊन त्यांच्यामागे धावला, पण कोल्मनने त्याची कॉलर धरली.

"दगडाने काय होणार? पुरावा पाहिजे!"

"पुरावा त्यांनी द्यायला हवा!" डर्व्हला कडाडली. "केव्हाच मेलेल्या माणसावर वाट्टेल ते लिहायचं, आणि खोटं ठरवायचं कुणी? आम्ही!"

"हो, आपणच. कारण दुसरं कुणी करणार नाही."

आई म्हणाली, "जाऊ दे गं, चार दिवस बोलतील आणि विसरतील." पण आजोबा काही विसरले नाहीत. रविवारी ते चर्चला गेले नाहीत. पत्ते खेळायला जायचे तेही बंद. घरातल्या घरात खुर्ची ते खिडकी, खिडकी ते खुर्ची. ते पाहून डर्व्हलाला रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि तो रोज वाढत होता.

तिघांनी पहिल्यांदा गाठलं ते फादर टूहींना. फादरांकडे गावातल्या बाप्तिस्म्यांची जुनी पुस्तकं होती. त्यांनी धूळ झटकून एक काढलं, लॅटिनमधल्या ओळींवरून बोट फिरवलं आणि थांबले.

"हे बघा. मायकेल टार्पी, बाप्तिस्मा १८६९. त्या काळात या गावात या नावाचा दुसरा कुणीच नाही."

"म्हणजे १८८८ साली एकोणीस वर्षांचा!" कोल्मनने टाळी वाजवली. "आणि ओंडकेवाल्याला तर छातीपर्यंत पांढरी दाढी आहे!"

तिघं धावत हॉटेलवर गेली. क्रॉटी व्हरांड्यात चहा घेत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बशीतला केक संपवला आणि म्हणाले, "उपासमारीचे दिवस होते ते. माणसं लवकर पिकायची."

"एकोणिसाव्या वर्षी पांढरी दाढी?" डर्व्हला उडालीच.

"पाट्या छापून झाल्यात. डब्लिनच्या संग्रहालयातून नीलनबाई उद्घाटनाला येतायत. आता पोराटोरांसाठी मी पाट्या बदलत बसू? हे घ्या, प्रदर्शनाची जाहिरात. घरी जाऊन रंगवत बसा."

जाहिरातीच्या कागदावरही तोच फोटो होता! म्हणजे टार्प्यांची बदनामी आता घरोघर वाटली जाणार होती. डर्व्हलाने कागद फाडायला हात उचलला, पण कोल्मनने तो झटकन काढून घेतला.

"वेडी आहेस का? फोटोची प्रत आपणहून हातात दिली त्यांनी. कामाला येईल!"

दुसऱ्या दिवशी पावसाने झोडपून काढलं. आईने फिआक्राच्या अंगावर डर्व्हलाचा जुना लाल कोट चढवला, आणि गोठ्यात जाऊन बसल्यावर त्याची जी कुरकुर सुरू झाली ती थांबेचना.

"मुलींचे कोट कुणी मुद्दाम उलटे करतं का? बटणं या बाजूला, काजी त्या बाजूला! माझी बोटंच चालत नाहीत."

"मुलींचे तसेच असतात. गप्प बस," डर्व्हला म्हणाली. ती आणि कोल्मन भिंगातून फोटो पाहत होती.

फिआक्राने दोघांच्या मधून डोकं खुपसलं. क्षणभर तो गप्प झाला, आणि हे काही साधं नव्हतं.

"अरेच्चा! ही सगळी माणसं आपल्या बहिणींचे कोट घालून आलीत!"

"काय?"

"बघ ना! दाढीवाल्याचा कोट बघ, या म्हाताऱ्याचा बघ. सगळ्यांची बटणं माझ्यासारखीच उलटी!"

कोल्मनने भिंग ओढून घेतलं. एक माणूस, दुसरा, तिसरा. मग त्याने हळूच आपल्या शर्टाच्या बटणांकडे पाहिलं.

"डर्व्हला," तो म्हणाला, "एका माणसाने बायकोचा कोट घातला असेल. पण सगळ्या गावाने?"

डर्व्हला ताडकन उठली. "आरसा! आरशात अशी बटणं दिसतात! फोटो उलटा छापलाय!"

"आणि फोटो उलटा, तर डावं ते उजवं!"

"गॅव्हिगनच्या पडक्या घराकडे चला! आत्ताच्या आत्ता!"

पावसात धूम ठोकत तिघं वरच्या रानात पोचली. गॅव्हिगनांच्या घराच्या आता फक्त कमरेएवढ्या भिंती उरल्या होत्या. आत अंगाला खाज आणणारी झुडपं माजलेली. डर्व्हला जिथे फोटोग्राफर उभा असेल तिथे जाऊन उभी राहिली. घरामागे गावाचा डोंगर होता. त्याला सगळे 'झोपलेली गाय' म्हणत. लांबट पाठ आणि डाव्या टोकाला, समुद्राच्या बाजूला, खाली टेकवलेलं डोकं.

तिने कोटाच्या आतून जाहिरात काढली आणि समोर धरली. फोटोतल्या गाईचं डोकं उजवीकडे होतं!

"शंभर वर्षांत डोंगराने कूस बदलली?" कोल्मन हसत सुटला.

डर्व्हला हसली नाही. तिला भलताच संताप आला होता. "हॉलपासून इथवर यायला किती वेळ लागतो? एकाही मोठ्या माणसाला इथे यावंसं वाटलं नाही! एकालाही वर मान करून डोंगराकडे बघावंसं वाटलं नाही! आणि आजोबा मात्र घरात तोंड लपवून बसलेत!"

पण क्रॉटींना काय त्याचं! बटणं आणि डोंगर ऐकून ते कपाळाला हात लावून म्हणाले, "कोट, गाय... उद्या म्हणाल, पोलिसांच्या मिशाही उलट्या आहेत!"

"मग मूळ काच दाखवा," कोल्मन म्हणाला. "खरं काय ते एका मिनिटात कळेल."

"काच? फोटो छापून झाल्यावर काचेचं काय लोणचं घालायचं? जानेवारीच्या वादळात माझ्या टोमॅटोच्या काचघराची तावदानं फुटली. माझ्या माळ्याने, पॅकीने, त्या सगळ्या काचा तिथे बसवून टाकल्या. चांगल्या मापाच्या होत्या."

तिघांनी आ वासला. ज्या माणसाने गावाचा इतिहास जपायचा, त्याने तो टोमॅटोच्या डोक्यावर ठोकला होता!

"आणि माझ्या काचघरात पाऊल टाकलंत तर याद राखा!" क्रॉटींनी मागून बजावलं.

घरी येताना कोल्मन खडे लाथाडत चालला होता. फाटकाशी आल्यावर मात्र त्याचे डोळे चमकले.

"माझ्या पेटीत निळा कागद आहे. त्यावर काच ठेवायची आणि उन्हात धरायची. काचेवरचं चित्र कागदावर उतरतं. मग पाण्यात धुतलं की झालं! काच काढायची नाही, फोडायची नाही, चोरायची नाही. नुसता कागद खालून दाबून धरायचा."

"पण ऊन?" फिआक्राने आभाळाकडे बोट दाखवलं. आभाळ ओल्या घोंगडीसारखं लोंबत होतं.

तीन दिवस ऊन नाही म्हणजे नाही! उद्घाटन दोन दिवसांवर आलं. शुक्रवारी दुपारी ढग जरा फाटल्यासारखे झाले, आणि तिघं हॉटेलच्या मागच्या कुंपणाखालून आत घुसली.

काचघराच्या दारातच माळी पॅकी पाइप ओढत बसला होता. हे काम फिआक्राचं. तो मोठ्या निरागसपणे पुढे गेला.

"पॅकीकाका, तुम्ही तरुणपणी हर्लिंगच्या मॅचमध्ये हात मोडलेला असताना गोल मारला होता म्हणे? आमचा कोल्मन म्हणतो, थापा आहेत सगळ्या."

"थापा?" पॅकी ताडकन उठला. "इकडे ये, तुला दाखवतो! हा बघ गोलखांब समज, आणि ती बादली म्हणजे त्यांचा गोलरक्षक..."

तो बादलीशी लढत अंगणाच्या टोकाला गेला, तशी डर्व्हला आणि कोल्मन आत सटकली. आत ओल्या मातीचा आणि टोमॅटोच्या पानांचा उग्र वास होता. डर्व्हलाने वर पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. साध्या तावदानांच्या मधेमधे माणसं होती! काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेलं: काळे चेहरे, पांढरे डोळ्यांचे खळगे, पांढरे कोट. एक नवरी. शाळेची पोरं. एक घोडा. काही काचांची चित्राची बाजू बाहेर आली होती. पावसाने ती धुऊन पार कोरी केली होती.

"बघ! हे कोण होते ते आता कुणालाच कळणार नाही," डर्व्हला दात खाऊन म्हणाली. "कुणाची तरी आजी असेल यात. गेली ती, टोमॅटोपायी!"

"आपली इथे आहे! चित्र आतल्या बाजूला आहे, नशीब!" कोल्मन कुजबुजला.

कोपऱ्यातल्या खालच्या तावदानात गॅव्हिगनांचं घर होतं. कडेने चित्राचा थर सुटायला लागला होता. अजून एक हिवाळा, की तेही संपलं असतं. आणि काचेच्या खालच्या कडेला काहीतरी खरवडलेलं होतं. हॉलमधल्या फोटोत ती कडच नव्हती!

कोल्मनने काळ्या पिशवीतून निळा कागद काढला, काचेला आतून चिकटवला आणि मागून फळी दाबून धरली. दोघं टोमॅटोच्या रोपांखाली दबा धरून बसली. पण ढग काही हलेना.

तेवढ्यात वाळूवर बूट वाजले. क्रॉटी! ते काचघराच्या भिंतीला वळसा घालून आले आणि नेमके त्या तावदानापुढे थांबले. खिशातून टोमॅटो काढून खाऊ लागले. आणि नेमका त्याच क्षणी ढग बाजूला झाला. लख्ख ऊन पडलं, पण ते पडलं क्रॉटींच्या पाठीवर! त्यांची भलीमोठी सावली निळ्या कागदावर अंधार करून उभी होती.

"हल ना रे देवा, हल!" डर्व्हला मनातल्या मनात ओरडत होती. कोल्मनने फळीला खांदाही लावला. क्रॉटींनी टोमॅटो संपवला. रुमालाने बोटं पुसली. दुसरा टोमॅटो काढला!

"गोल!" अंगणाच्या टोकाकडून पॅकीची आरोळी आली आणि पाठोपाठ बादली खणखणत घरंगळली.

"पॅकी! काय चाललंय हे?" क्रॉटी गर्जत तिकडे धावले, आणि सूर्य पूर्णच्या पूर्ण तावदानात शिरला.

थोड्या वेळाने कोल्मनने तो कागद पाण्याच्या झारीखाली धरला. आधी हिरवट, मग फिकट, मग गर्द निळा. घर वर आलं. पोलीस आले. डोंगर आला, डोकं समुद्राकडे! ओंडका आणि दाढीवाला उजवीकडे होते, आणि डावीकडे पाठीवर म्हातारी घेतलेला तो तरुण. कडेला खरवडलेली अक्षरं आता अगदी सरळ वाचता येत होती: 'गॅव्हिगनचं घर, १८८८.'

"हॉलच्या फोटोत ही अक्षरं उलटी आली असणार," कोल्मन हळूच म्हणाला. "त्यांनी ती ओरखडे समजून कापून टाकली!"

डर्व्हला त्या तरुणाकडे पाहत राहिली. वाकलेला, घट्ट ओठ मिटलेला, पोलिसांकडे ढुंकूनही न बघणारा. एकोणीस वर्षांचा मायकेल टार्पी.

रविवारी हॉलच्या दारावर पाटी होती: 'लहान मुलांना प्रवेश नाही.' ही पाटी कुणासाठी, ते उघडच होतं. पण क्रॉटी एक गोष्ट विसरले. स्वागताला गाणं वाजवायला त्यांनी स्वतःच शाळेचा बँड बोलावला होता, आणि बँडमध्ये अकॉर्डियन वाजवणारी मुलगी म्हणजे डर्व्हला टार्पी!

गाण्याच्या कागदांचा स्टँड घेऊन ती थाटात आत गेली. मागून बासरी फुंकत फिआक्रा आणि ढोल धरून कोल्मन. ढोल कसा वाजवतात हे त्याला ठाऊक नव्हतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण फिआक्राची बासरी त्याहून भयंकर होती.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. क्रॉटी खाकरले, "आदरणीय नीलनबाई, आमच्या मंडळाने अत्यंत काटेकोरपणे..."

डर्व्हलाने स्टँड गर्रकन फिरवला. त्यावर गाण्याचा कागद नव्हताच! तो निळा फोटो थेट नीलनबाईंच्या समोर आला.

"माफ करा, बाई," ती मोठ्याने म्हणाली, "पण समोरचा फोटो उलटा आहे, आणि त्यापायी माझ्या खापरपणजोबांना बदनाम केलंय!"

"बाहेर काढा तिला!" क्रॉटी लालेलाल झाले.

"थांबा," नीलनबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला. निळ्या फोटोकडे पाहिलं. मोठ्या फोटोकडे पाहिलं. मग खिडकीतून डोंगराकडे पाहिलं.

"अध्यक्षमहाराज, फोटो मोठा करताना काच उलटी ठेवली गेली. कोटांची बटणं कुणी पाहिली नाहीत का?"

"मी पाहिली! मी!" फिआक्रा ओरडला.

"आणि मूळ काच कुठे आहे?"

क्रॉटी रुमालाने मान पुसू लागले. "ती... ती सध्या सुरक्षित..."

"टोमॅटोच्या डोक्यावर!" फिआक्राने जाहीर केलं. "नवरी पण तिथेच आहे, आणि घोडा पण!"

नीलनबाई उठल्या आणि चालू लागल्या. मागे सगळं गाव. काचघरात उभ्या राहून त्यांनी एकेक तावदान पाहिलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"एकही काच आता उन्हात राहता कामा नये. आजच काढा. या पोरांनी जे केलं ते तुमच्या अख्ख्या मंडळाला सुचलं नाही, याची लाज वाटू द्या."

"चूक अगदी बारीक होती हो," क्रॉटी पुटपुटले. "डावं-उजवं तेवढं झालं."

आता मात्र डर्व्हलाचा बांध फुटला.

"बारीक? माझे आजोबा घराबाहेर पडले नाहीत! गावातल्या माणसांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. पोरं रस्त्यात आम्हाला ओंडकेवाले म्हणतात. आम्ही वय दाखवलं, कोट दाखवले, डोंगर दाखवला! तुम्ही केक खाल्लात! पाटी बदलायला वेळ लागतो म्हणे. नाव खराब करायला वेळ लागला नाही?"

डुगनबाईंनी मान खाली घातली. सायकलवाली पोरं आयांच्या मागे लपली.

"माझी... माझी चूक झाली, पोरी," क्रॉटी कसेबसे म्हणाले.

"मला नका सांगू. आजोबांना सांगा!"

आणि क्रॉटींना जावंच लागलं. हॅट हातात घेऊन, धापा टाकत ते टार्प्यांच्या चढावरून निघाले. मागे नीलनबाई, फादर टूही आणि अर्धं गाव. आजोबा दारात आले. क्रॉटींनी सगळ्यांसमोर माफी मागितली. आजोबांनी ती ऐकली, पण त्यांचं लक्ष डर्व्हलाच्या हातातल्या निळ्या कागदाकडे होतं.

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. पाहत राहिले.

"हो," ते अगदी हळू म्हणाले. "हेच. असंच ओठ मिटायचे ते." मग पुन्हा वाकून पाहिलं. "आणि ही पाठीवरची?"

"घर गॅव्हिगनांचं, म्हणजे त्यांच्यातलीच कुणी असेल," नीलनबाई म्हणाल्या. "पाटीवर आपण लिहू, 'एका वृद्धेला वाचवताना मायकेल टार्पी.'"

आजोबा स्वयंपाकघरात वळून पाहत होते.

"मी लहान होतो तेव्हा चुलीशेजारच्या त्या कोपऱ्याला सगळे 'ऑनीचा कोपरा' म्हणायचे. आमच्या घरात ऑनी नावाचं कुणी नव्हतं. मी विचारलं तर आजोबा म्हणायचे, खा तुझे बटाटे."

फादर टूहींनी एकदम कपाळावर हात मारला. "थांबा! जरा थांबा!" आणि एवढे वयस्क फादर झगा सावरत चक्क पळत सुटले. परत आले ते मृत्यूंच्या नोंदींचं पुस्तक छातीशी धरून. पानं भराभर उलटली. मग त्यांनी मोठ्याने वाचलं:

"'ऑनर गॅव्हिगन, विधवा. मृत्यू १८९६. राहणार, मायकेल टार्पीच्या घरी.'"

ऑनर, म्हणजेच ऑनी! आठ वर्षं! ज्या शेजारणीला त्याने पाठीवर घेतलं, तिला पुढे आठ वर्षं त्याने आपल्या चुलीशेजारी ठेवून घेतलं होतं. आणि नातवालाही कधी सांगितलं नाही!

डुगनबाई हाताच्या पंजाने डोळे पुसू लागल्या. नीलनबाईंनी तिन्ही मुलांच्या खांद्यांवर हात ठेवला. "संग्रहालयात पंचवीस वर्षं झाली मला. असं काम मोठ्यांकडूनही फार थोडं पाहिलंय. डब्लिनला माझ्या खोलीत या तिघं. तिथे अशा नाव नसलेल्या पुष्कळ काचा आहेत."

"टोमॅटो नाहीत ना?" फिआक्राने विचारलं, आणि पहिल्यांदा आजोबा हसले.

मग ते क्रॉटींकडे वळले. त्यांचा आवाज आता खणखणीत झाला होता.

"पाटी नवीन करणार आहात ना, रेडमंड? मग नीट ऐका. 'एक वृद्धा' नाही. माझ्या आजोबांचं नाव लिहाल त्याच्या आधी तिचं लिहा. ऑनर गॅव्हिगन. घर तिचं होतं."